पेनकिलरबरोबर पित्तासाठी काय घ्यायचं: जेल, पुडी की पॅन्टोप्राझोल?

द्राक्षबागांत छाटणी सुरू झाली की निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या कुठल्याही मेडिकलवर हा संवाद ऐकू येतो. "दादा, कंबर पार धरलीय, एखादी कडक गोळी द्या." "मावशी, जेवण झालंय ना? आणि सोबत गॅसचंही काहीतरी न्या, नाहीतर पित्त खवळेल." मग काउंटरवर डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकची पट्टी येते आणि तिच्या जोडीला हाताशी असेल ते: कधी पॅन्टोप्राझोल, कधी गुलाबी जेलची बाटली, कधी फसफसणारी पुडी. घेणाऱ्याला वाटतं, तिन्ही एकाच कामाच्या. तसं नाही. जेल आणि पुडी जळजळ शमवतात. पेनकिलरने जठराला पडणारी जखम मात्र त्यांनी अडत नाही. ते काम पॅन्टोप्राझोलच्या जातीची औषधं करतात, तीही वेळेवर घेतली तर, आणि तेही जठर व त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीपुरतंच.

हा फरक कळायला पेनकिलर पोटात काय करते ते आधी पाहू. गोळी आत जाऊन जठराला 'लागते', म्हणून भरल्या पोटी घेतली की भागलं, असा समज घरोघरी आहे. त्यात थोडंसं तथ्य आहे, पण खरं नुकसान रक्तातून होतं. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. सूज आणि वेदना वाढवणारी तीच, आणि जठराच्या अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर राखणारी, तिथला रक्तपुरवठा टिकवणारीही तीच. ॲस्पिरिनसारखी औषधं ही रसायनं बनूच देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. म्हणजे गोळी कंबर शांत करते ती ज्या वाटेने, त्याच वाटेने जठराचं कवच उतरवते. मग जठरातलं आपलंच आम्ल उघड्या अस्तराला चावतं. म्हणूनच "गोळी नको, इंजेक्शन द्या, पोटाला त्रास नको" हा हिशेब चुकतो. डायक्लोफेनॅक दंडातून गेलं तरी रक्तातून पोटापर्यंत पोचतंच.

आता जेल आणि पुडी. यांना अँटासिड म्हणतात. जेलमध्ये बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, फसफसणाऱ्या पुडीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. जठरात आधीच असलेलं आम्ल ती मारतात. काही मिनिटांत बरं वाटतं, पण रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या-एका तासात असर ओसरतो. जेवणानंतर घेतलं तर दोन-तीन तास टिकतो. जठर नवीन आम्ल बनवतच राहतं. रविवारी सकाळी झणझणीत मिसळ, वर दोन वेळा मागितलेला रस्सा, आणि दुपारी छातीत जळजळ: याला अँटासिड अगदी योग्य. मिसळीने जळजळते, पण तिखटाने अल्सर होतो हा समज खरा नाही. अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि या पेनकिलर गोळ्या.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. पुडीत सोडियम भरपूर असतं. पेनकिलरही अंगात मीठ-पाणी धरून ठेवते. रक्तदाबाच्या माणसाने दोन्ही एकत्र घेतली की दाब दोन्हीकडून वर ढकलला जातो. शिवाय काही डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांवर असं आवरण असतं, की त्या जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळाव्यात. वर लगेच जेल घेतलं तर आम्ल मरतं आणि आवरण जठरातच सुटू शकतं. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकं यांचंही शोषण जेलमुळे कमी होतं, म्हणून त्यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं लागतं.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही '-प्राझोल' मंडळी वेगळ्या कुळातली. ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आलं, स्वीडनमधून. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात; ही औषधं त्या पंपांना कायमची चिकटून ते बंद पाडतात. औषध रक्तातून एक-दोन तासांत निम्मं होतं, पण बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही. शरीराला नवा घडवावा लागतो, म्हणून दिवसातून एकदाच घेतलेली गोळी पुरते. आम्ल कमी असलं की उघड्या पडलेल्या अस्तराला चावा कमी बसतो. पेनकिलर घेणाऱ्यांत अल्सर आणि रक्तस्राव कमी होतात ते यामुळे.

गडबड होते ती वेळेची. ही गोळी चालू पंपांनाच पकडते, आणि पंप जोरात चालतात ते आपण खाल्ल्यावर. म्हणून खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी ती पोटात हवी. सकाळी उठल्यावर अनशापोटी पॅन्टोप्राझोल, पाऊण तासाने न्याहारी किंवा भाकरी, आणि त्यावर पेनकिलर, असा क्रम लागतो. आपल्याकडे बहुतेक जण दोन्ही गोळ्या जेवणानंतर एका घोटात गिळतात. छाती जळायला लागल्यावर पॅन्टोप्राझोल घेणं हाही उलटा कारभार. पहिल्या दिवशी सगळे पंप बंद होतच नाहीत, पूर्ण असर यायला तीन ते पाच दिवस जातात. गोळी चावू किंवा कुटू नये, कारण औषधच आम्लात नासतं आणि वरचं आवरण त्याच्यासाठी असतं.

रॅनिटिडीन हा जेल आणि प्राझोल यांच्या मधला, आम्ल कमी करणारा प्रकार जुन्या लोकांना चांगला ठाऊक असतो. त्यात एनडीएमए या घातक अशुद्धीचा प्रश्न निघाला, २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं आणि २०२२ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते गेलं. त्याच कुळातलं फॅमोटिडीन अजून मिळतं. नेहमीच्या मात्रेत ते जठरातल्या अल्सरला पुरेसं अडवत नाही, एवढं इथे पुरे.

पट्टीवरच्या 'डी'कडेही बघा. पॅन्टोप्राझोलच्या नावापुढे 'डी' लागला की सोबत डॉम्पेरिडोन असतं. ते उलटी-मळमळीसाठी. जठराच्या संरक्षणात त्याचा काही वाटा नाही. उलट हृदयाच्या ठोक्यात गडबड करू शकतं, म्हणून ते थोड्याच दिवसांसाठी द्यायचं औषध. महिनोन् महिने पेनकिलरच्या जोडीला 'डी'वाली गोळी चालू असेल, तर मळमळ नसताना ती कशासाठी, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

मग पेनकिलर म्हटलं की प्राझोल हवंच का? माझं मत सांगतो: आपल्याकडे ते गरजेपेक्षा जास्त दिलं जातं आणि ज्यांना खरंच हवं त्यांना कधी कधी मिळत नाही. पंचविशीतला धडधाकट मुलगा दोन-तीन दिवस जेवल्यावर गोळी घेणार असेल तर बहुधा त्याला त्याची गरज नाही. गरज आहे ती पासष्टीपुढच्या माणसाला, पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झालेल्याला, हृदयासाठी रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला, स्टेरॉइड चालू असलेल्याला. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळतात, कारण ते क्लोपिडोग्रेलचं काम कमी करतात. तिथे पॅन्टोप्राझोल निवडतात.

सगळ्यात मोठा गैरसमज पुढे आहे: गॅसची गोळी घेतली म्हणजे पेनकिलर कितीही घ्यायला मोकळे. नाशिककरांना डायक्लोफेनॅकची आणखी एक ओळख असायला हवी. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकण्याची जागा ठेवली आहे. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन देशभर गिधाडं मेली, मूत्रपिंडं निकामी होऊन. शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं हळवं नाही, पण प्रोस्टाग्लँडिन अडले की त्याचाही रक्तपुरवठा घटतो. एप्रिलच्या खरड छाटणीत ऊन डोक्यावर, पाणी पोटात कमी, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात पेनकिलर, ही तिहेरी जोडी मूत्रपिंड बसवू शकते. पॅन्टोप्राझोल तिथे काडीचीही मदत करत नाही.

हृदयाचंही तसंच. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असं बजावलं. आणि जठराच्या पुढचं लहान आतडं तर प्राझोलच्या कक्षेबाहेरच राहतं. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत डायक्लोफेनॅक-ओमेप्राझोल जोडीवर असलेल्या ३.८ टक्के लोकांना पचनमार्गात कुठे ना कुठे गंभीर इजा किंवा रक्त घटण्याचा त्रास झाला. नुसतं सेलेकॉक्सिब (जठराला कमी त्रास देणारी पेनकिलर) घेणाऱ्यांत तो ०.९ टक्के होता. सेलेकॉक्सिब म्हणजे सुटका नव्हे, हृदय आणि मूत्रपिंडाची काळजी तिथेही लागतेच.

घरात मी पहिल्यांदा बघतो ते दोन पेनकिलर एकत्र चालू आहेत का. हाडाच्या डॉक्टरांची एसिक्लोफेनॅक आणि दाढदुखीला मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, नावं वेगळी पण कूळ एक. जखमेचा धोका वाढतो, आराम दुप्पट होत नाही. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही. जठराला सौम्य आहे आणि साध्या अंगदुखीला आधी तेच घ्यावं. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तेव्हा तर या कुळातल्या पेनकिलर टाळून पॅरासिटामॉलच. फक्त संयुक्त गोळीत ते आधीच घातलेलं असतं, वरून पुन्हा घेऊन मात्रा ओलांडू नका, यकृताला ते महागात पडतं.

पेनकिलर बंद झाली की प्राझोलही बहुतेकांचं बंद व्हायला हवं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. बरेच महिने घेऊन एकदम सोडलं की काही दिवस ते काही आठवडे आम्ल उसळून येतं. त्या जळजळीला घाबरून लोक पुन्हा गोळी सुरू करतात. खरं तर तेवढ्या काळासाठी जेलची बाटली कामाला येते; डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घेतली तर आणखी बरं.

पेनकिलरने पडलेला अल्सर कित्येकदा दुखतच नाही, कारण दुखणं तीच गोळी दाबून ठेवते. डांबरासारखी काळी, चिकट शी होणं (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण चालू पेनकिलरवर तो फरक घरी ठरवत बसू नये), कॉफीच्या गाळासारखी उलटी, उठल्यावर अंधारी येणं, असं काहीही दिसलं तर जेल पिऊन सकाळची वाट बघू नका. पेनकिलर थांबवा, चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत टाका आणि रात्री असलं तरी सिव्हिल किंवा जवळचं रुग्णालय गाठा.