पिल्लाचा 'अपराधी' चेहरा आणि दोन सेकंदांचा मामला

आमच्याकडे चिंगी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती, गावठी कुत्री, पोट गोल आणि पाय काड्यांसारखे. पहिल्याच आठवड्यात सोसायटीतल्या एका काकूंचा सल्ला आला, की घरात शू केली ना की तिचं नाक त्यात घासायचं आणि पेपरची सुरळी करून एक ठेवून द्यायची, "अगं बघ कशी मान खाली घालून बसलीय, केलंय ते तिला पक्कं माहितीये!"

नाही हो काकू. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर याचा प्रयोग केला. खाऊ समोर ठेवायचा, मालकाने "खायचं नाही" सांगून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर त्याला कधी खरं सांगायचं, कधी चक्क खोटं. निघालं काय, तर तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर ठरतच नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. उलट काहीच न करता बोलणी खाल्लेल्यांचा चेहरा जास्त पडला! म्हणजे चिंगीची खाली गेलेली मान फक्त एवढंच सांगते की बाई, तू आत्ता भयंकर दिसतेयस.

मग तिला शिकवायचं कसं? इथे माझा आवडता भाग सुरू होतो, जरा सांभाळून घ्या.

पंगतीत बसलाय असं समजा. श्रीखंड आहे हे माहीत नाही आणि अचानक पानात पडलं, तर मेंदूत डोपामिन नावाचं रसायन उसळतं. पुढच्या पंगतींना मात्र श्रीखंडाचं पातेलं लांबून दिसलं तेव्हाच ते उसळतं, पानात पडताना काही विशेष नाही. आणि वाढपी तुम्हाला डावलून पुढे गेला, तर नेमक्या त्या क्षणी ते नेहमीच्या पातळीच्याही खाली जातं. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन मेंदूतल्या एकेका पेशीत हेच मोजलं, 1997 चा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. थोडक्यात डोपामिन म्हणजे नुसता 'आनंदाचा रस' नाही (रील्सवाल्यांनो, ऐकताय ना?), मिळालेलं वजा अपेक्षित असा तो हिशेब आहे.

आता हा हिशेब जमा कुठल्या खात्यात करायचा? 2014 मध्ये टोकियोतल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत पाहिलं की स्ट्रायटम नावाच्या भागातल्या पेशींच्या फांद्यांवर जे बारीक काटे असतात (डेन्ड्रायटिक स्पाइन), त्यांच्यात आधी ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाचा सिग्नल आला आणि नंतर साधारण 0.3 ते 2 सेकंदांत डोपामिन पोचलं तरच तो काटा जाड होतो, म्हणजे जोडणी पक्की होते. सिग्नलच्या आधी आलेलं डोपामिन फुकट, पाच सेकंदांनी आलेलंही फुकट. कुत्र्यात अगदी हाच आकडा असेल असं नाही, पण कुठलाही चांगला ट्रेनर बक्षीस लगेच द्या म्हणून का ओरडतो ते यातून कळतं.

म्हणून मी काय केलं, तर झोपून उठली, जेवली, खेळून दमली की उचलून थेट खाली, आणि शू संपली त्याच क्षणी तिथेच शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा. वर घरी येऊन दिला तर तिच्या लेखी ते लिफ्टमधून आल्याचं बक्षीस! घरात झाली तर गुपचूप पुसायचं, तेही एन्झाइमवाल्या क्लीनरने, कारण वास राहिला की तिची जागा ठरली.

चावण्याचंही तेच. दुधाचे 28 दात सुईसारखे असतात, आणि हात झटकला, किंचाळलो की तिला वाटतं खेळ रंगलाय. दात लागला की खेळ बंद, उठून जायचं, अर्ध्या मिनिटाने परत, आणि चावायला दोरीचं खेळणं द्यायचं. फक्त एक लक्षात ठेवा, सुरुवातीला चावणं आणखी वाढतं, रिमोटचे सेल संपले की आपण बटण जोरात दाबतो ना तसं, आणि नेमके तिथेच लोक कंटाळून सुरळी उचलतात.

जाता जाता, कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून गेटबाहेर लाल पाण्याच्या बाटल्या ठेवणाऱ्यांना एक माहिती. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यांना निळा-पिवळा कळतो, लाल मळकट दिसतो. आमच्या गेटवरच्या बाटलीवर रोज सकाळी कोणीतरी पाय वर करून जातो.

चिंगी आता शू झाली की थेट माझ्या खिशाकडे बघते. कालपासून मात्र नवीन प्रकार सुरू झालाय, थेंबभर करायची, पनीर घ्यायचं, दोन पावलं जाऊन परत थेंबभर. आता मी धार सुरू झाली की मनात पाच आकडे मोजते, तेवढी टिकली तरच ती संपताक्षणी खिशात हात घालते, आणि काकू गॅलरीतून बघून हसतात.