कॅम्पस कॅरी

कॅम्पस कॅरी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या आवारात परवानाधारक व्यक्तीला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कपड्यांखाली वा पिशवीत, दुसऱ्याच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने, जवळ बाळगू देणारे कायदे व त्यांखालील व्यवहार यांना उद्देशून वापरली जाणारी संज्ञा. बारावीपर्यंतच्या शाळांच्या परिसरात बंदूक बाळगण्यास मनाई करणारा वेगळा संघीय कायदा १९९० मध्ये झाला. तो १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला व पुढच्याच वर्षी दुरुस्त होऊन परत लागू झाला. परंतु उच्च शिक्षणसंस्था त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे हा विषय प्रत्येक घटकराज्याच्या विधिमंडळाकडे राहिला आणि राज्याराज्यांत त्याची रूपे निरनिराळी झाली.

पूर्वपीठिका व तिच्याविषयीचा वाद : विद्यापीठांतील शस्त्रबंदी किती जुनी, हा प्रश्न २०२२ पर्यंत केवळ इतिहासकारांचा होता. त्या वर्षीच्या ब्रूएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रांवरील कोणतेही आधुनिक बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसणारे असले पाहिजे, अशी कसोटी घालून दिली आणि जुन्या दप्तरांना न्यायालयीन पुराव्याचे मोल आले. या संदर्भात हार्व्हर्डचा १६५५ चा नियम सर्वांत आधी पुढे केला जातो. विद्यार्थ्याने आपल्या खोलीत अथवा गावात इतरत्र स्वतःच्या वापरासाठी बंदूक ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. जॉर्जिया विद्यापीठाने १८१० मध्ये बंदूक, पिस्तूल, खंजीर आणि गुप्ती यांना एकत्रच मनाई केली. सर्वाधिक चर्चा मात्र व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ४ ऑक्टोबर १८२४ रोजी संमत केलेल्या ठरावाची होते; कारण त्या मंडळात टॉमस जेफरसन व जेम्स मॅडिसन हे दोघे होते आणि यांपैकी मॅडिसन हे शस्त्रहक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या (१७९१) मसुद्याचे कर्ते होत.

हा ठराव मुळातून पाहिला, तर शस्त्रे व दारूगोळा यांची मनाई ज्या वाक्यात आहे, त्याच वाक्यात मद्य, तसेच नोकर, घोडा आणि कुत्रा ठेवण्याचीही मनाई आढळते. बंदीचे समर्थक यात घटनाकारांची संमती पाहतात. विरोधकांचे म्हणणे असे, की त्या काळचे विद्यार्थी बहुतांशी अल्पवयीन मुले असून महाविद्यालय त्यांच्या पालकांच्या जागी होते. तेव्हा हे वसतिगृहाच्या शिस्तीचे नियम आहेत, दंडविधान नव्हे, आणि प्राध्यापकांना अथवा बाहेरून येणाऱ्या नागरिकाला ते लागू नव्हते. कुत्र्या-घोड्यांचा सहवास पाहता दुसरे मत शब्दार्थाला अधिक जवळचे वाटते. तथापि मंडळाला असा नियम करण्याचा अधिकारच नव्हता असे म्हणणारा कोणी समकालीन या वादात दाखविला जात नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. नियमाचे पालन कितपत होत होते, ही बाब निराळी : १२ नोव्हेंबर १८४० च्या रात्री याच विद्यापीठात हुल्लड चालू असता तोंडावर मुखवटा चढविलेल्या एका विद्यार्थ्याने कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस यांच्यावर त्यांच्या निवासासमोर पिस्तूल झाडले व दोन दिवसांनी ते मरण पावले. पुढे १८४२ मध्ये तेथे विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञेवर आधारलेली जी सचोटीची पद्धत सुरू झाली, तिचा संबंध परंपरेने या घटनेशी जोडला जातो.

शिस्तीचा नियम आणि फौजदारी कायदा यांतील सीमारेषा टेक्सासने सर्वप्रथम ओलांडली असे म्हणता येईल. त्या राज्याच्या १८७० च्या कायद्याने चर्च, वर्गखोली आणि शैक्षणिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय कारणासाठी लोक जमतील अशी कोणतीही जागा येथे शस्त्र नेणे गुन्हा ठरविले व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ मध्ये शस्त्रबंदीच्या या धोरणाला पाठिंबा दिला. आज कॅम्पस कॅरीचे नाव निघताच आठवते ते राज्यही टेक्सासच, हा योगायोग अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला नाही.

आधुनिक कायदे : १९८७ मध्ये फ्लॉरिडाने ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या अर्जदाराला परवाना नाकारता येणार नाही, असा कायदा केला आणि त्याचे अनुकरण झपाट्याने झाले. परवानाधारकांची संख्या वाढल्यावर विद्यापीठाच्या फाटकाशी परवान्याचे काय होते, हा प्रश्न उभा राहणे क्रमप्राप्त होते. युटा विद्यापीठाने आपली जुनी बंदी टिकविण्यासाठी स्वायत्ततेचा आधार घेतला. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो अमान्य केला. कोलोराडोत २०१२ मध्ये असाच निकाल लागला. या निकालांत शस्त्रहक्काचा प्रश्न दुय्यम असून, आवारावर अंतिम सत्ता विधिमंडळाची की विद्यापीठाची, हा मुद्दा निर्णायक ठरला.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक येथे एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले. मृतांत मुंबईहून वास्तुकलेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. या हत्याकांडानंतर शस्त्रपरवान्याच्या बाजूने विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तर दुसऱ्या बाजूस अनेक राज्यांनी बंदी कायम ठेवली. त्यानंतर मिसिसिपी व विस्कॉन्सिन (२०११), कॅन्सस (२०१३), आयडाहो (२०१४), टेक्सास (२०१५), जॉर्जिया व आर्कान्सॉ (२०१७) आणि वेस्ट व्हर्जिनिया (२०२३) यांनी कमीअधिक मोकळीक दिली. विस्कॉन्सिनमध्ये इमारतीच्या दाराशी पाटी लावून मनाई करता येते, मोकळ्या आवारात येत नाही. टेनेसीत २०१६ पासून ही मुभा पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना आहे, विद्यार्थ्यांना नाही. प्रवाह एकाच दिशेने वाहिला असेही नाही : कोलोराडोने २०२४ मध्ये महाविद्यालयांत पुन्हा बंदी आणली.

टेक्सासमधील व्यवहार : टेक्सासचा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम चालविणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठांना लागू झाला. त्याच दिवशी ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून १९६६ मध्ये झालेल्या गोळीबाराला ५० वर्षे पूर्ण झाली. त्या गोळीबाराचा दाखला दोन्ही पक्ष देतात, कारण खाली असलेल्या काही नागरिकांनी घरून शिकारीच्या रायफली आणून मनोऱ्यावर उलट मारा केला होता. मात्र रायफल आणि कमरेला झाकलेले पिस्तूल यांची तुलना कितपत करावी, याविषयी सावधगिरी बाळगणे इष्ट. २०१६ पूर्वीही परवानाधारकाला विद्यापीठाच्या रस्त्यांवर व वाहनतळावर शस्त्रासह जाता येत असे. नव्या कायद्याने त्याला इमारतींची दारे उघडी झाली, एवढाच फरक. शस्त्र उघडे दिसता कामा नये, ते अंगावर किंवा हाताशी असले पाहिजे आणि परवाना असला पाहिजे. कायदा लागू झाला तेव्हा परवान्याचे सर्वसाधारण वय २१ असल्याने पदवीच्या पहिल्या वर्षांतील बहुतेक विद्यार्थी आपोआप बाहेर राहिले. राज्याने २०२१ मध्ये इतरत्र परवान्याची अट काढून टाकली, तरी विद्यापीठात ती टिकली. विद्यापीठाच्या अध्यक्षांना वाजवी नियम करता येतात, परंतु त्यांचा एकत्रित परिणाम सरसकट बंदीसारखा होता कामा नये.

ऑस्टिनच्या नियमांतील बारकावे उद्बोधक आहेत. पिस्तुलाच्या म्यानाने चाप व चापाभोवतालची कडी पूर्णपणे झाकलेली असावी लागते. नळीत काडतूस भरलेले नसावे अशीही एक अट सुचविली गेली होती, ती नियामक मंडळाने गाळली. प्राध्यापकाची खोली त्याच्या एकट्याची असेल, तर तो तेथे शस्त्राला मनाई करू शकतो. वर्गाला मात्र ही सवलत नाही. या अटींमागील भीती अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये, आयडाहोचा कायदा अमलात येऊन जेमतेम दोन महिने होत असताना, पोकाटेलो येथील विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एका अध्यापकाच्या खिशातले पिस्तूल भरवर्गात सुटले व गोळी त्याच्याच पायात शिरली.

कायद्याच्या विरोधकांपैकी टेक्सास विद्यापीठसमूहाचे तत्कालीन कुलपती विल्यम मॅक्रेव्हन हे स्वतः निवृत्त ॲडमिरल होते आणि ओसामा बिन लादेनविरुद्धची मोहीम त्यांच्या देखरेखीखाली पार पडली होती. नोबेल पारितोषिकविजेते भौतिकीविज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी आपल्या वर्गात शस्त्र येऊ देणार नाही, असे जाहीर केले. ह्यूस्टन येथे अध्यापकांसमोर झालेल्या एका सादरीकरणात संवेदनशील विषय जपून हाताळावेत, प्रसंगी काही विषय अभ्यासक्रमातून गाळावेत, असा सल्ला दिला गेला आणि त्यावरून अध्यापनस्वातंत्र्याचा मुद्दा ऐरणीवर आला. याच मुद्द्यावर ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी दावा लावला. पण विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतील याविषयीची भीती हे दावा दाखल करण्यास पुरेसे कारण नाही, असे म्हणून संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तो फेटाळला. खासगी विद्यापीठांना बाहेर राहण्याची मुभा असून राइस, बेलर यांसारख्या बहुतेक सर्व संस्थांनी तिचा लाभ घेतला आहे.

परिणाम : गुन्ह्यांवरील परिणामांचे संशोधन मुख्यतः राज्यव्यापी परवाना-कायद्यांविषयी आहे. परवान्यांमुळे गुन्हे घटतात, असे १९९७ मध्ये जॉन लॉट व डेव्हिड मस्टर्ड यांनी मांडले. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून घट वा वाढ यांपैकी काहीच सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला, तर जॉन डोनह्यू प्रभृतींच्या नंतरच्या अभ्यासांचा कल वाढीकडे आहे. हे निष्कर्ष विद्यापीठांच्या आवाराला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

परदेशी विद्यार्थी : टेक्सास, जॉर्जिया आदी राज्यांत शिकणाऱ्या भारतीय, आणि त्यांतील मराठी, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने राज्याच्या कायद्याइतकाच संघीय कायदा महत्त्वाचा ठरतो. विद्यार्थी-व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक वा काडतूस बाळगणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी स्थानिक विद्यार्थ्याच्या दप्तरात कायदेशीर पिस्तूल असू शकते, तर त्याच्या परदेशी सोबत्याला ते क्षणभर सांभाळायला घेणेही अडचणीत आणू शकते.