घरट्यांचे संरक्षण, बांधकामकालीन

घर पाडताना, दुरुस्त करताना वा नव्याने बांधताना वन्य पक्ष्यांची घरटी, अंडी व पिल्ले यांना मिळणारे कायदेशीर संरक्षण. भारतात त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतून ते निघते. प्रस्तुत नोंदीत नाशिक शहरापुरता विचार केला आहे.

उगम : या तरतुदीचे मूळ १८८७ च्या वन्य पक्षी संरक्षण कायद्यात शोधण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे ग्राह्य दिसत नाही. त्या कायद्याचा रोख विणीच्या हंगामात नगरपालिका व छावणी यांच्या हद्दीत मारलेले पक्षी बाळगण्यावर आणि विकण्यावर होता. भिंतीतले घरटे त्याच्या कक्षेत येत नसावे. १९१२ च्या कायद्याने बंदीचा काळ ठरवण्याची पद्धत पक्की केली, पण त्याच्या यादीत तित्तिर, लावा, बदके, मोर असे शिकारीचे पक्षी आणि पिसांसाठी मारले जाणारे बगळे, नीलपंख, खंड्या हेच प्रामुख्याने आढळतात. वळचणीतल्या चिमणीला त्यात जागा नव्हती. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी यांच्यासाठी आपला कायदा केला आणि नाशिक जिल्हा त्याखाली आला. तरीही घराला चिकटलेल्या घरट्याचा विचार करायचा तर १९७२ हेच आरंभाचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

व्याख्या व वाद : कलम २(१६) नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे, तसेच अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे ही ‘शिकार’ ठरते. मूळ इंग्रजी मजकुरातील क्रियापद ‘डिस्टर्ब’ आहे. मराठीत त्यासाठी उपद्रव, छेडछाड असे पर्याय वापरता येतात. गवंडीकामाच्या संदर्भात ‘धक्का लावणे’ हा सर्वांत जवळचा म्हणावा लागेल. शिकारीला बंदी कलम ९ ने घातली आहे.

रिकाम्या घरट्याला हे संरक्षण आहे काय, यावर दोन मते संभवतात. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यात घरटे ‘वापरात असताना किंवा बांधले जात असताना’ असे स्पष्ट शब्द आहेत. भारतीय मजकुरात ही अट नाही. शब्दशः अर्थ घेतल्यास रिकामे घरटेही त्यात येते. उलट, तरतुदीचा हेतू वीण सुरक्षित राहावी हा असल्याने सोडून दिलेले घरटे वगळावे, असाही युक्तिवाद करता येतो. व्यवहारात दुसरा अर्थ सोयीचा असला तरी पाकोळीसारखे पक्षी तेच घरटे वर्षानुवर्षे वापरतात. घरटे आज रिकामे आहे म्हणून ते टाकलेले ठरत नाही. (पाकोळी हा शब्द फुलपाखरालाही लावतात. येथे मातकट-काळा, लांब पंखांचा, घुमटांखाली व पुलांखाली वसाहती करणारा पक्षी अभिप्रेत आहे.)

अनुसूच्या : कायद्याला जोडलेल्या प्रजातींच्या याद्या म्हणजे अनुसूच्या. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या. जुन्या चौथ्या अनुसूचीत कबुतरवर्गाची नोंद होती, पण साधे पारवे त्यातून नाव घेऊन वगळले होते. कावळा तर पाचव्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता. ती अनुसूची आता नाही. जुन्या पुस्तिकांतून ‘अनुसूची ४’ असा दाखला अजून उतरवला जातो, तो पडताळून घ्यावा. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत शिक्षा याहून कडक आहे.

नाशिकमधील स्थिती : जुने नाशिक व पंचवटी येथील वाड्यांत वळचण, कोनाडे, वाशांच्या खोबणी आणि परांचीचे बांबू रोवण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोके ही घरट्यांची नेहमीची ठिकाणे. चिमणी, साळुंकी, पिंगळा, क्वचित गव्हाणी घुबड तेथे वीण घालतात. अडचण वेळापत्रकाची आहे. कौलांची शाकारणी, गच्चीची गळती काढणे, बाहेरचा गिलावा ही कामे मृग लागण्यापूर्वी उरकायची असतात आणि तोच अनेक पक्ष्यांचा विणीचा काळ. गवंडी गिलाव्याआधी भोके सिमेंट-वाळूने बुजवतो. आत पिल्ले असतील तर ती तशीच चिणली जातात. पडलेल्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला घेत नाही, ही समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे, पण तिच्यामुळे पिल्लू उचलून परत ठेवण्याचे टाळले जाते.

पडझडीस आलेल्या वाड्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा जातात, त्याही प्रामुख्याने पावसाळ्याच्या तोंडावर. माणसांचा जीव आधी, याबद्दल दुमत नाही. मात्र वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मधील सवलत येथे उपयोगी पडत नाही. जीविताला वा मालमत्तेला घातक ठरलेल्या प्राण्याच्या शिकारीला परवानगी देण्यापुरती ती आहे. भिंत धोकादायक असेल तर या सवलतीचा आधार घेता येत नाही.

चिमणीची अंडी साधारण ११ ते १४ दिवसांत उबतात व पिल्ले पुढच्या दोनेक आठवड्यांत उडतात, म्हणजे काम महिनाभर थांबवले तरी पुरते. गव्हाणी घुबडाला सुमारे तीन महिने लागतात. खासगी व्यक्तीला थेट न्यायालयात तक्रार करायची तर कलम ५५ नुसार किमान साठ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. तेवढ्यात चिमणीच्या दोन विणी उरकतात. त्यामुळे वन विभागाला वेळीच कळवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो.

वृक्षतोड : झाडावरील घरट्यांना वरील तरतुदींखेरीज नागरी क्षेत्रातील वृक्ष जतनाच्या १९७५ च्या कायद्याचा अप्रत्यक्ष आधार मिळतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडे ‘प्राचीन वृक्ष’ ठरली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचा नियम आला. हिशेब झाडांचा होतो, घरट्यांचा नाही. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस वाद झाला, तो मुख्यतः झाडांच्याच संख्येवर झाला.