निदान चुकणं आणि निष्काळजीपणा होणं: हार्ट अटॅकच्या दाव्यांतला जुना घोळ

"गॅस आहे म्हणून घरी पाठवलं आणि पहाटे माणूस गेला." माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. पाठोपाठ दुसरं येतं, "म्हणजे निष्काळजीपणा सरळ दिसतोय ना, मॅडम?" आणि डॉक्टर अशील म्हणून येतात तेव्हा त्यांचंही वाक्य ठरलेलं असतं, "ईसीजी नॉर्मल होता. निदान चुकू शकतं, हे सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय." जिल्हा ग्राहक आयोगात मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे आणि दोन्ही बाजू एकाच घोळात अडकलेल्या पाहिल्या आहेत. निदान चुकलं म्हणून निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही, आणि निदान कुणाचंही चुकतं म्हणून निष्काळजीपणा माफही होत नाही.

चुकलेलं निदान म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, ते ज्याने त्याने भोगलेलं असतं. हार्ट अटॅक आणि कार्डिअॅक अरेस्ट यांतला फरकही एका ओळीचा आहे: अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, अरेस्टमध्ये हृदय धडधडायचंच थांबतं. फौजदारी आणि भरपाई यांची सरमिसळही होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१)खाली नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो आणि आधी दुसऱ्या तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. ही अट सुप्रीम कोर्टाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्येच घातली. भरपाईसाठी इतकी उंच पायरी चढावी लागत नाही. सगळे अडखळतात ते पुढच्या मुद्द्यावर.

समजा, दोन पुरुष आहेत. दोघांचं वय बावन्न-त्रेपन्न. दोघंही रात्री साडेअकराला छातीत जळजळतंय म्हणून कॅज्युअल्टीत आले, दोघांना पॅन्टोप्राझोल या अॅसिडिटीच्या औषधाचं इंजेक्शन मिळालं, दोघंही 'अॅसिडिटी' लिहिलेला कागद घेऊन घरी गेले आणि उजाडायच्या आत दोघंही वारले.

पहिल्याचा केसपेपर असा आहे. दुखणं सव्वादहाला सुरू झालं. डाव्या हातात जात नाही. घाम नाही. शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे, तंबाखू सोडून चार वर्षं झाली, वडिलांना अटॅक आला होता. ११.३७ ला ईसीजी, नॉर्मल. १२.१० ला पुन्हा ईसीजी, बदल नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, त्याची चाचणी) आल्या आल्या घेतलं, तीन तासांनी पुन्हा घेतलं, दोन्ही निगेटिव्ह. तीन वाजता दुखणं पूर्ण थांबलेलं. "परत दुखलं, घाम आला, दम लागला तर लगेच या, सकाळी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा" असं लिहून खाली पत्नीची सही.

दुसऱ्याच्या कागदावर एकच ओळ आहे: जळजळ, ईसीजी नॉर्मल, इंजेक्शन पॅन, घरी. वेळ लिहिलेली नाही. दुखणं कधी सुरू झालं, हे विचारल्याची खूण नाही. पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, तो कागदावर कुठेच नाही. बायको सांगते, "शर्ट पिळून काढावा इतका घाम आला होता." ईसीजी एकदाच काढला, तोही दुखायला लागून अर्धा तास झाला नव्हता तेव्हा.

पहिल्या ठिकाणी निदान चुकलं. दुसऱ्या ठिकाणी निदान केलंच गेलं नाही, नुसतं लिहिलं गेलं. मृत्यू दोन्हीकडे तोच आणि कागदावरचा चुकीचा शब्दही तोच; माझ्या मते भरपाई मात्र एकाच कुटुंबाला मिळायला हवी. पहिल्या कुटुंबाला हे सांगणं फार जड जातं. तरी सांगते, कारण तो दावा चार-पाच वर्षं चालून शेवटी फेटाळला गेला, तर त्या घराचं दुसऱ्यांदा नुकसान होतं.

'ईसीजी नॉर्मल होता' हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, म्हणून त्यावर थोडी थांबते. बारा लीडचा ईसीजी म्हणजे हृदयाची साधारण दहा सेकंदांची नोंद. अटॅक मात्र तासन्‌तास घडत असतो. रक्तवाहिनी पूर्ण तुंबलेली नसेल, किंवा हृदयाच्या मागच्या भिंतीला मार बसत असेल, तर ईसीजीची पहिली पट्टी साफ दिसू शकते. म्हणून दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, हे वैद्यकातलं सर्वमान्य शिक्षण आहे. ट्रोपोनिनचंही तसंच. ते रक्तात दिसायला वेळ लागतो, जुन्या पद्धतीच्या चाचणीत तीन-चार तास. दुखायला लागल्यावर अर्ध्या तासात घेतलेलं एकच निगेटिव्ह ट्रोपोनिन काहीच सांगत नाही. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे अॅसिडिटीच, हाही भ्रम आहे. हृदयाचं दुखणं आपोआपही थोडं ओसरतं. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक पोटाच्या वरच्या बाजूला दुखणं आणि उलटी घेऊन येतो. मधुमेही, म्हातारी माणसं आणि बायका यांच्यात तर कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम, घाम, जबडा दुखणं, गळून जाणं. आमच्याकडच्या फायलींत बाईच्या केसपेपरवर 'टेन्शन' लिहिलेलं दिसलं की मी तो कागद दोनदा वाचते.

म्हणजे 'नॉर्मल ईसीजी' हे उत्तर नसून पुढचा प्रश्न आहे: मग पुढे काय केलंत?

कायदाही हेच विचारतो. १९५७ च्या बोलम या इंग्लिश खटल्यातली कसोटी आपल्या सुप्रीम कोर्टाने जेकब मॅथ्यूत उचलून धरली: त्या जागी, त्या शिक्षणाचा एखादा साधारण कुशल डॉक्टर जसा वागला असता, तसे तुम्ही वागलात का? निर्णयातली नुसती चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असंही तिथे म्हटलं आहे. डॉक्टर मंडळी हे वाक्य पाठ म्हणतात आणि साधारण डॉक्टर जी खबरदारी घेतो ती तुम्ही घेतलीत का, हा त्याच निकालातला भाग सोडून देतात. निर्णय चुकला असं म्हणायला आधी निर्णय घेतलेला असावा लागतो. मधुमेह न विचारणं हा निर्णय नव्हे.

'साधारण' या शब्दावर नातेवाईक अडतात. रात्रपाळीच्या एमबीबीएस डॉक्टरला हृदयरोगतज्ज्ञाच्या मापाने मोजत नाहीत, एमबीबीएसच्याच मापाने मोजतात. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची सोय, नव्हती, ही तक्रार टिकणार नाही. पण अॅस्पिरिन चघळायला देऊन, चिठ्ठी लिहून, अॅम्ब्युलन्सने पुढे पाठवणं हे त्या एमबीबीएसलाही कळायला हवं. पुण्यातल्या एका सर्जनविरुद्धच्या खटल्यात, मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाच्या मृत्यूवरून, सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच डॉक्टरची कर्तव्यं सांगितली होती. त्यातलं पहिलंच होतं, हा रुग्ण आपण हातात घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं. 'रेफर' न करण्याच्या प्रत्येक दाव्यात मी ते पान उघडते.

तज्ज्ञाचं मत घेतानाही हाच घोळ होतो. कुटुंब हृदयरोगतज्ज्ञाकडे पोस्टमॉर्टेमचा अहवाल घेऊन जातं आणि विचारतं, "हा अटॅक ओळखायला हवा होता ना?" अहवालात तुंबलेली वाहिनी समोर असते, उत्तर 'हो'च येणार. आयोगात अशा मताच्या उलटतपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. मी तज्ज्ञांना शेवट आधी सांगतच नाही. रात्री साडेअकराचा कागद पुढे ठेवते आणि विचारते, एवढंच समोर असताना तुम्ही काय केलं असतं? मग जे उत्तर येतं ते टिकतं, आपल्या बाजूचं असो वा नसो.

निष्काळजीपणा सिद्ध झाला तरी त्यामुळेच नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, ईसीजीच्या पट्टीत 'एसटी' नावाचा रेषेचा भाग वर उचललेला दिसतो अशा अटॅकमध्ये, साधारण पहिल्या बारा तासांत उपयोगी पडतं, आणि जितकं लवकर तितकं जास्त. तासाभरात आलेल्या माणसाला परत पाठवलं तर ती साखळी जोडता येते. दीड दिवस घरी काढून आलेल्याच्या बाबतीत ती बहुधा तुटते.

बाकीचं थोडक्यात. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात त्या रुग्णालयाविरुद्ध आयोगात जाता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालापासून ठरलेलं आहे. अशा रुग्णालयासाठी दिवाणी कोर्ट. आणि 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेलं) या शिक्क्याला घाबरू नका, पण खोटंही बोलू नका. अॅडमिट व्हा असं सांगितल्यावर तुम्हीच सही करून नेलं असेल, तर ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

कागद मात्र आजच मागा, लेखी. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि कागद रुग्णाला मिळालेच पाहिजेत असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या हातात ईसीजीची मूळ पट्टी असेल तर ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. ती थर्मल कागदावर असते, प्लास्टिकला लागून आणि उष्णतेने उडते. वर्षभराने आयोगासमोर कोरी गुलाबी चौकट उलगडलेली मी पाहिली आहे. पट्टीचा फोटो काढा, कोपऱ्यात मशीनने छापलेली तारीख आणि वेळ दिसेल असा. मशीनचं घड्याळ पुष्कळदा चुकीचं असतं, म्हणून त्याच रात्रीची केसपेपरची पावती, औषधाचं बिल आणि तुम्ही रिक्षातून भावाला केलेल्या फोनची वेळ शेजारी ठेवा.