शेणातला नायट्रोजन जातो कुठे?

सिन्नर-निफाडकडे शेणाला कचरा म्हणणारा शेतकरी सापडणार नाही. शेणखत द्राक्षबागेत जातं, उरल्या शेणाच्या गोवऱ्या होतात. गोबरगॅसही जुनाच. चार-पाच जनावरांचं रोजचं 50 किलो शेण दोन घनमीटरच्या संयंत्राला पुरतं आणि एका घराची चूल त्यावर चालते. तिथे गॅसही घरचा, वासही घरचा.

प्रश्न मोठ्या प्रकल्पांचा आहे. 2018 च्या गोबरधन योजनेपासून त्यांना सरकारी बळ मिळतंय. हवाबंद टाकीतले जिवाणू शेणातल्या कार्बनपासून मिथेन बनवतात. नायट्रोजन मात्र जवळजवळ सगळा स्लरीत, म्हणजे गॅस काढल्यावर उरलेल्या पातळ शेणात, राहतो. त्यातला बराचसा अमोनियमच्या रूपात येतो. तो पिकाला लगेच लागू पडतो, पण हौद उघडा असला तर अमोनिया होऊन हवेत जातो. एकाच रानात स्लरी ओतत राहिलं, तर त्याचं नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. फार नायट्रेटचं पाणी वरच्या दुधात गेलं, तर तान्ह्या बाळाचं रक्त पुरेसा प्राणवायू वाहू शकत नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डुप्लिन आणि सॅम्पसन कौंटीत डुकरांचं मलमूत्र तळ्यांत साठवून शेतांवर फवारतात. हा त्रास सोसणाऱ्या शेजाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी कुटुंबं जास्त. तळी झाकून गॅस काढायचं ठरलं, तेव्हा त्यांनी विचारलं: गॅस काढल्यावर उरलेला द्रव पुन्हा आमच्याच शेजारी फवारणार ना? 2021 मध्ये नागरी हक्क कायद्याखाली तक्रार झाली.

मिथेन रोखायलाच हवा. 20 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता अडवतो. म्हणून मी गोबरगॅसच्या विरोधात नाही. पण शेणाला भाव आला की ते कुंपणाआड जातं, आणि रस्त्यावरचं शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या भूमिहीन बाईचं सरपण तुटतं. प्रकल्पाच्या हिशेबात तिचं नाव कुठेच नसतं, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

परवानगीआधी ग्रामसभेत, वस्तीवरच्या माणसांसमोर विचारावं: हौद झाकलेला आहे का? स्लरी किती एकरांत जाणार? उताराच्या अंगाला कुणाच्या विहिरी आहेत? त्या विहिरींचं पाणी टाकी बांधण्याआधीच तपासून ठेवावं. नाहीतर पुढे वाढलेलं नायट्रेट कांद्याला टाकलेल्या युरियाचं की हौदातलं, हे सिद्ध करणं वस्तीच्या माथी येईल.