संघर्षाची आत्मकथने : कोल्हापूर परिसर

दारिद्र्य, पोरकेपण, आजारपण किंवा जातीमुळे वाट्याला आलेली अवहेलना सोसून तगलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली आपली हकिकत. मराठीत तिला आत्मकथन किंवा स्वकथन म्हणतात. ‘आत्मचरित्र’ हा जुना शब्द बहुधा कर्तबगार माणसाने उतारवयात मांडलेल्या साग्र जीवनवृत्तान्ताला वापरत. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, त्यानंतर दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखक तिशीच्या आसपासच लिहू लागले. आयुष्याचा हिशेब पुरा व्हायची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि नव्या लेखनाला ‘आत्मकथन’ हे नाव चिकटले. पुस्तकांच्या दुकानांत हल्ली अशा पुस्तकांवर ‘प्रेरणादायी’ अशी चिठ्ठी असते. तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

कोल्हापूर परिसरात या लेखनाचे मूळ फार मागे, सतराव्या शतकात सापडते. संत बहिणाबाई मूळच्या वेरूळ भागातल्या. कुटुंब देशोधडीला लागल्यावर भटकत भटकत कोल्हापुरात आले, तेव्हा त्या अकराएक वर्षांच्या, लग्न झालेल्या मुलगी होत्या. इथे त्यांना एका वासराचा लळा लागला. ते वासरू जयरामस्वामींच्या कीर्तनालाही त्यांच्यामागून जाई. कीर्तनात स्वामींनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, गावात बोलबाला झाला आणि नवऱ्याने संतापून त्यांना बेदम मारले. पुढे वासरू गेले. त्या दुःखात बहिणाबाईंची शुद्ध हरपली आणि त्याच अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. हे सारे त्यांनी स्वतःच आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवले आहे. ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र संताला गुरू मानणे आणि त्यापायी खाल्लेला मार लपवून न ठेवणे, या दोन्ही गोष्टींना त्या काळी किती धाडस लागले असेल! संघर्षाच्या आत्मकथनांची मोजदाद विसाव्या शतकापासून करणाऱ्यांनी हे अभंग आधी वाचावेत.

आधुनिक काळात या लेखनाची जमीन तयार केली ती वसतिगृहांनी. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग उभे राहिले, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी एकामागून एका जातीच्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय लावली आणि कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणू लागले. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या गेल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरातच बोर्डिंगमध्ये राहून शिकले, आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन करून ‘कमवा आणि शिका’ची वाट घातली. या भागातल्या आत्मकथनांचे बळ समजायचे तर हा तपशील हाताशी हवा. खेड्यातल्या पोराला डोक्यावर छप्पर आणि दोन वेळची भाकरी मिळाली, तेव्हा त्याच्या हातात लेखणी टिकली.

या परंपरेतले सर्वांत ठळक पुस्तक म्हणजे आनंद यादवांचे ‘झोंबी’ (१९८७). यादवांचा जन्म १९३५ चा, कागलचा. शाहू महाराजही कागलच्याच घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले. पण त्याच गावात शेतकऱ्याच्या पोराला शाळेसाठी काय काय करावे लागले ते ‘झोंबी’त आहे. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. तालमींच्या या मुलखात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे मात्र समोर जन्मदाता बाप आहे. बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो आणि स्वतः गावात फिरतो. ऊस लवकर गाळून गूळ आधी बाजारात नेला की भाव चांगला येतो, हा त्याचा हिशेब. त्यामुळे गुऱ्हाळही लवकर लागते. शेवटी मायलेक रात्रीच्या वेळी गावातल्या दत्ताजीराव देसाई सरकारांच्या वाड्यावर जातात आणि गाऱ्हाणे घालतात. सरकार बापाला बोलावून खडसावतात. बाप कबूल होतो, पण अटी घालतो: सकाळी अकरापर्यंत मळ्यात पाणी पाजायचे, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर गुरे राखायची. पोराला तेवढेही पुरते.

पुढे सौंदलगेकर मास्तर भेटतात. ते कविता गाऊन, हावभावांसह शिकवतात. त्यांच्या दारातल्या मालतीच्या वेलावर त्यांनीच कविता केलेली पाहून पोराला उमगते की कवीही आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. मग पाणी पाजताना, गुरे राखताना त्याला एकटेपणाच हवासा वाटू लागतो, कारण मोठ्याने गाता येते. कागद-पेन्सिल जवळ नसेल तर काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी उमटतात, नाहीतर खड्याने दगडावर. दारिद्र्याच्या कुठल्याही वर्णनापेक्षा ही म्हशीची पाठ वाचकाच्या जास्त लक्षात राहते. १९९० साली या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ हे त्याचे पुढचे भाग. ‘झोंबी’तला अंश ‘जूझ’ या नावाने बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातही आला, म्हणून कागलचे हे पोर उत्तरेकडच्या वर्गांतही वाचले गेले.

पोरकेपणाची कहाणी सुनीलकुमार लवटे यांच्या ‘खाली जमीन, वर आकाश’मध्ये आहे. पंढरपूरचा बालकाश्रम आणि मग कोल्हापूरचे रिमांड होम, असे लेखकाचे बालपण. आईबाप, जात, घर यांतले काहीच हाताशी नसलेला मुलगा इथे मास्तर होतो, हिंदीचा प्राध्यापक होतो आणि वंचित मुलांच्या संस्थांचे काम अंगावर घेतो. ज्या संस्थेने वाढवले तिच्यातले कोरडेपणही लेखक सांगतो आणि तिचे ऋणही मानतो. दोन्ही एकाच सुरात लिहिणे अवघड असते.

नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’तला झगडा शरीराशी आहे. सोळाव्या वर्षी कमरेखालचा भाग लुळा पडला. पहिली काही वर्षे निराशेत गेली. मग स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले बाबूकाका दिवाण भेटले आणि या अवस्थेतही कामधंदा करता येतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसले. पुढे शिक्षण, सरकारी नोकरी, आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था. खुर्ची आत न जाणारी दारे आणि चढता न येणाऱ्या पायऱ्या यांकडे हे पुस्तक वाचल्यावर आपले लक्ष जाऊ लागते. वि. स. खांडेकरांचे ‘एका पानाची कहाणी’ आणि गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओ गमावूनही पुन्हा उभे राहिलेले चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांचे ‘साधा माणूस’ ही दोन आत्मचरित्रे वळणाने जुन्या घडणीची असली, तरी तीही याच शहरातली.

‘प्रेरणादायी’ या चिठ्ठीने या पुस्तकांचा एक तोटा होतो. जिद्द असली की सगळे जमते, एवढेच वाचकाच्या हाती उरते. मूळ पुस्तकांत मात्र पानोपानी दुसरी माणसे आहेत: रात्री दार उघडणारे सरकार, कविता गाणारे मास्तर, खुर्चीवरचे बाबूकाका, पोराला घेऊन वाड्याची पायरी चढणारी आई. तितकीच जिद्द असूनही ज्यांना असे दार सापडले नाही, त्यांची पुस्तके झाली नाहीत. दार उघडले नसते तर ‘झोंबी’तल्या पोराचे काय झाले असते, याचे उत्तर त्याच्या भावंडांच्या आयुष्यात शोधावे लागते.

भाषेचा विचारही इथेच करायला हवा. यादवांचे निवेदन बरेचसे प्रमाण मराठीत आहे, पण माणसे तोंड उघडतात ती कागलच्या बोलीत. बापाची शिवी, आईची कळवळ प्रमाण भाषेत घातली असती तर पुस्तकातला निम्मा जीव गेला असता. शाळेत बोलीला हसणाऱ्यांच्या काळात तीच बोली छापून अकादमीपर्यंत गेली, याचे मोल कोल्हापूरच्या खेड्यांतून आलेल्या मुलांना विचारावे.

बायकांनी स्वतः लिहिलेली आत्मकथने या परिसरात कमी आहेत. बहिणाबाईंपासून नसीमा हुरजूक यांच्यापर्यंत मधे मोठे अंतर आहे, आणि ते बहुतेक मुलांनी आईविषयी लिहून भरले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीवाडीचे उत्तम कांबळे यांनी ‘वाट तुडवताना’मध्ये आपली वाट सांगितली आणि ‘आई समजून घेताना’ हे पुस्तक आईसाठी वेगळे लिहिले. ‘झोंबी’तल्या आईची बाजू मात्र लेकाच्याच शब्दांत वाचावी लागते.