विंडोज ९८ मधील बिघाड व त्यांचे निवारण

विंडोज ९८ ही मायक्रोसॉफ्टने २५ जून १९९८ रोजी घरगुती संगणकांसाठी बाजारात आणलेली संगणक प्रणाली होय. तिची सुधारित दुसरी आवृत्ती १९९९ मध्ये आली आणि ११ जुलै २००६ रोजी तिचे अधिकृत साहाय्य थांबले. त्यानंतरही जुने खेळ, नव्या प्रणालींशी न जुळणारी यंत्रसामग्री आणि जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर वापरण्यासाठी ती चालू ठेवावी लागते. प्रस्तुत नोंदीत तिच्यातील नेहमीच्या बिघाडांची कारणे आणि ते दूर करण्याच्या रीती दिल्या आहेत.

या प्रणालीतील बहुतेक बिघाडांचे मूळ तिच्या दुपेडी रचनेत आहे. संगणक सुरू होताना तळाशी डॉस ही टंकलेल्या आज्ञांवर चालणारी जुनी प्रणाली चालू होते आणि त्यावर ३२ बिटांची विंडोज उभी राहते. परंतु जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून १६ बिटांचा बराच भागही तिच्यात कायम ठेवलेला आहे. प्रोग्रॅम आणि प्रणालीचा गाभा यांच्यातील भिंत पक्की नसल्यामुळे एखाद्या सदोष ड्रायव्हरमुळे (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळे) सगळा संगणक हँग होऊ शकतो. याच रचनेचा एक फायदाही आहे : विंडोज उघडत नसली तरी डॉसपर्यंत पोचता येते आणि तेथून फाइली वाचवता येतात. म्हणून बिघाड नेमका कोणत्या थरात आहे, हे आधी ठरवणे हीच दुरुस्तीची खरी सुरुवात मानावी.

संगणक विंडोजपर्यंत पोचतच नसेल, तर प्रथम साध्या गोष्टी तपासाव्यात. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी हे ‘सिस्टिम डिस्क नाही’ या संदेशाचे अगदी नेहमीचे कारण आहे. दर वेळी तारीख मागे जात असेल आणि हार्ड डिस्क ओळखली जात नसेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो. तो बदलला की बहुधा काम भागते.

वीज अचानक गेल्यावर पुढच्या वेळी स्कॅनडिस्क हे डिस्क तपासणारे साधन आपोआप सुरू होते. २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचे तास सोसणाऱ्या महाराष्ट्रातील घरांना तो निळा पडदा चांगला परिचयाचा होता. या प्रणालीत फाइल डिस्कवर कोठे आहे याची नोंद एका तक्त्यात ठेवली जाते आणि अपुऱ्या राहिलेल्या लेखनाचा वेगळा माग ठेवला जात नाही. त्यामुळे लिहिणे चालू असताना वीज गेली की तक्ता आणि प्रत्यक्ष मजकूर यांचा मेळ तुटतो. स्कॅनडिस्क हे सुटे तुकडे गोळा करून ड्राइव्हच्या सर्वांत वरच्या (रूट) फोल्डरमध्ये ‘सीएचके’ या शेपटाच्या फाइली बनवते. त्या तडकाफडकी पुसू नयेत, कारण हरवलेल्या पत्राचा किंवा हिशेबाचा मजकूर कधीकधी त्यांतच सापडतो. कंटाळा येऊन ही तपासणी मध्येच सोडणे मात्र घातक ठरते.

रजिस्ट्री बिघडल्याचा संदेश अनेकांना घाबरवतो. वास्तविक विंडोज ९८ ने यावर केलेली तजवीज फार चांगली आहे. रजिस्ट्रीच्या ‘सिस्टिम.डॅट’ आणि ‘युजर.डॅट’ या दोन फाइलींत प्रणालीची सारी मांडणी साठवलेली असते. संगणक दिवसातून पहिल्यांदा यशस्वीपणे सुरू झाला की तिची एक प्रत काढली जाते आणि अशा पाच प्रती जपल्या जातात. सुरू होताना कंट्रोल कळ दाबून धरावी अथवा एफ८ दाबावी, मिळालेल्या यादीतून ‘फक्त कमांड प्रॉम्प्ट’ हा पर्याय घ्यावा आणि स्कॅनरेग ही आज्ञा ‘रिस्टोअर’ या जोडशब्दासह (scanreg /restore) द्यावी. पडद्यावर तारखांसह प्रती दिसतात. त्यांतील ज्या प्रतीपुढे ‘स्टार्टेड’ असे लिहिलेले असते, तिच्या आधारे विंडोज पूर्वी खरोखर सुरू झालेली असते. म्हणून नुसती सर्वांत ताजी प्रत न निवडता, बिघाडाच्या आधीची आणि अशी खूण असलेली प्रत निवडावी. नवा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर टाकल्यावर उद्भवलेले कितीतरी बिघाड एवढ्यानेच नाहीसे होतात.

त्याच यादीत सेफ मोड असतो. त्यात प्रणाली अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन, १६ रंगांत आणि ६४० गुणिले ४८० बिंदूंच्या पडद्यावर सुरू होते. विंडोज येथे नीट चालली, तर गाभा शाबूत असून दोष एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे, असे समजावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह असलेले उपकरण आधी पाहावे. सेफ मोडमध्ये पूर्वी काढून टाकलेल्या कार्डांच्या नोंदीही दिसतात. एकाच ध्वनिकार्डाच्या दोन-तीन नोंदी असतील तर त्या सगळ्या काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर कार्ड नव्याने ओळखले जाते. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी एमएसकॉन्फिग हे विंडोजमधील साधन वापरावे. निम्म्या नोंदींवरील खूण काढून पाहावे, मग उरलेल्यांतील निम्म्या. अशा निवडीने दोषी प्रोग्रॅम थोड्या फेऱ्यांत हाती लागतो.

निळ्या पडद्यावरील ‘फेटल एक्सेप्शन’ या संदेशातील शून्य-ई हा क्रमांक म्हणजे प्रोग्रॅमने स्मृतीच्या उपलब्ध नसलेल्या पानाला हात घातल्याची खूण. एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर स्कॅनर जोडताच हा निळा पडदा आला होता. एखादा निळा पडदा विशेष काही सांगत नाही. पण दर वेळी त्याच ड्रायव्हरचे नाव दिसत असेल तर तो ड्रायव्हर बदलावा, आणि दर वेळी वेगळेच नाव दिसत असेल तर रॅमच्या पट्ट्या काढून, साफ करून, एकेक लावून पाहाव्यात.

बरेच प्रोग्रॅम उघडे असताना ‘स्मृती अपुरी’ असा संदेश आला, तर नवी रॅम विकत घेण्याची घाई करू नये. खिडक्या, बटणे, चिन्हे आणि फाँट यांची नोंद ठेवण्यासाठी १६ बिटांच्या काळातील, प्रत्येकी ६४ किलोबाइटांचे साठे या प्रणालीत शिल्लक आहेत. ते भरले की बाकी स्मृती कितीही मोकळी असली तरी उपयोग होत नाही. रिसोर्स मीटर नावाच्या छोट्या साधनाने हे साठे पाहता येतात. त्यावर संगणक पुन्हा सुरू करणे हाच सोपा उपाय आहे.

उलट, जास्त रॅमही अडचण करते. ५१२ मेगाबाइटांहून अधिक रॅम लावल्यास डिस्कसाठीचा तात्पुरता साठा प्रमाणाबाहेर वाढून विंडोज सुरूच होत नाही, त्यासाठी ‘सिस्टिम.आयएनआय’ या फाइलीतील व्हीकॅश विभागात त्या साठ्याला कमाल मर्यादा घालावी लागते. तसेच १३७ गिगाबाइटांपलीकडील हार्ड डिस्क मूळ ड्रायव्हरला नीट हाताळता येत नाही.

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने विंडोज ९५ व ९८ वरील असंख्य संगणक निकामी केले. तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसत असे आणि काही मदरबोर्डांवरील बायोस चिपही (संगणक सुरू करणारी चिप) बिघडवत असे. बिघाड सॉफ्टवेअरचा असला तरी चिप बदलावी लागण्याचा तो अपवादात्मक प्रसंग होता.

संगणक बंद होताना अडकणे ही किरकोळ तक्रार आहे. पहिल्या आवृत्तीत ‘फास्ट शटडाउन’ ही सोय बंद केल्याने, तर दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने दिलेल्या सुधारणेने ती बहुधा मिटते.

यांपैकी काहीही न करता थेट ‘फॉरमॅट मारण्याची’ सवय दुरुस्तीच्या व्यवसायात रुजली. ती टाळावी, कारण ‘माय डॉक्युमेंट्स’ हा फोल्डर आणि डेस्कटॉपवरील फाइली सी ड्राइव्हवरच असतात. फॉरमॅट अटळच असेल, तर आधी डॉसमधून त्या डी ड्राइव्हवर हलवाव्यात. डॉस लांब नावे आखडून दाखवते, म्हणून फाइल ओळखताना शांतपणे पाहावे. विंडोज ९८ च्या सीडीवरील ‘विन९८’ हा फोल्डरही डी ड्राइव्हवर उतरवून ठेवावा, म्हणजे ड्रायव्हर टाकताना दर वेळी सीडी शोधावी लागत नाही. स्टार्टअप फ्लॉपीने संगणक सुरू केल्यास ती स्मृतीत एक तात्पुरता ड्राइव्ह बनवते आणि सीडी ड्राइव्हचे अक्षर एका घराने पुढे सरकते. सीडी सापडत नाही अशी समजूत यामुळेच होते.

मराठी वापरकर्त्यांना फॉरमॅटचा आणखी एक फटका बसतो. देवनागरीसाठी युनिकोडची अंगभूत सोय विंडोज २००० पासून आली. तोपर्यंत श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉरमॅटनंतर फाँट नाहीसा झाला की जुने लेख, निमंत्रणपत्रिका, वंशावळी रोमन अक्षरांच्या निरर्थक जंजाळासारख्या दिसतात आणि फाइल खराब झाली असे समजून लोक त्या पुसून टाकतात. मजकूर मात्र जागच्या जागी असतो; तोच फाँट पुन्हा बसवला की तो जसाच्या तसा वाचता येतो. त्यामुळे विंडोज फोल्डरमधील ‘फाँट्स’ या फोल्डराची प्रत मजकुराच्या प्रतीबरोबरच काढावी. सर्व फाँट एकाच संगणकावर ओतणेही बरे नव्हे, कारण सुमारे १,००० फाँटनंतर ही प्रणाली नवे फाँट स्वीकारत नाही. डीटीपीच्या संगणकावर नव्याने बसवलेला फाँट यादीत दिसत नसेल, तर आधी हेच कारण तपासावे.